‘डोंगल लावा आणि सारे आकाश ऐका’ : एका संदेशाचा प्रतिवाद

इंदुरातल्या मराठी घरांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा आशय असा : ‘दीड-दोन हजार रुपयांची पेनड्राइव्हएवढी डोंगल संगणकाला लावा. अँटेना, अभ्यास, परवाना काहीही लागत नाही. फुकट टीव्ही पाहा, जगभरचा रेडिओ ऐका, विमाने आणि उपग्रह पकडा, पोलिसांचे वॉकीटॉकी आणि मोबाइलवरची बोलणी ऐका. नुसते ऐकणे हा गुन्हा नाही.’ अकरावी-बारावीतली मुले हे वाचून डोंगल मागवतात, चार दिवस खरखर ऐकतात आणि ती खणात टाकून देतात, याचे मला मनापासून वाईट वाटते; कारण सॉफ्टवेअर-डिफाइन्ड रेडिओ, म्हणजे लहरींवरचे बरेचसे काम सर्किटाऐवजी संगणकातल्या प्रोग्रामकडून करून घेणारा रेडिओ, ही घरबसल्या विज्ञान शिकण्याची फार चांगली वाट आहे. त्यामुळे संदेशातले एकेक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

फुकट टीव्हीचे विधान चुकीचे आहे, पण ते कुठून आले हे समजण्यासारखे आहे. ही डोंगल मुळात टीव्ही ट्यूनर म्हणूनच बनली. तिच्यातली रिअलटेक कंपनीची आरटीएल२८३२यू ही चिप डीव्हीबी-टी या पद्धतीचे डिजिटल प्रक्षेपण उलगडण्यासाठी आहे. हीच चिप लहरींचे कच्चे नमुने जसेच्या तसे संगणकाकडे पाठवू शकते, हे २०१२ च्या सुरुवातीला काही हौशी प्रोग्रामरांच्या ध्यानात आले आणि एका स्वस्त ट्यूनरचा सर्वांगी रेडिओ झाला. मात्र दूरदर्शनने २०१६ मध्ये ज्या सोळा शहरांत जमिनीवरून डिजिटल प्रक्षेपण सुरू केले, आणि त्यांत इंदूरही होते, ते डीव्हीबी-टी२ या पुढच्या पिढीच्या पद्धतीचे होते. ही चिप ते उलगडूच शकत नाही. खोक्यावर टीव्हीचे चित्र छापलेले असले तरी इंदुरात त्याचा काही उपयोग नाही.

‘जगभरचा रेडिओ’ हे विधान अर्धवट आहे. बहुतेक डोंगलांमध्ये चिपच्या आधी आर८२०टी२ किंवा त्याच घराण्यातला ट्यूनर, म्हणजे हवी ती लहर निवडून देणारा भाग, असतो आणि त्याचा पल्ला साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झ एवढा आहे. दूरदेशीची केंद्रे ज्या शॉर्टवेव्हवर येतात ती जवळजवळ सगळी या पल्ल्याच्या खाली राहते आणि मीडियमवेव्ह तर फारच खाली. ज्या ६४८ किलोहर्ट्झवर आकाशवाणी इंदूर माळव्यात घरोघरी ऐकली गेली, तो आकडा सॉफ्टवेअरमध्ये टाकून साधी डोंगल लावली तर काहीही ऐकू येणार नाही. त्यासाठी खालच्या लहरी वर उचलून देणारा अपकन्व्हर्टर तरी हवा, किंवा ट्यूनर वगळून थेट चिपला लहर देण्याची सोय असलेली डोंगल तरी हवी. एफएमचे मात्र विनासायास जमते. रेडिओ मिर्ची हे खासगी केंद्र ऑक्टोबर २००१ मध्ये सर्वप्रथम इंदुरात सुरू झाले, त्याची ९८.३ मेगाहर्ट्झची लहर पडद्यावर जाड पट्ट्यासारखी उमटते आणि नवशिक्याने पहिला धडा तिथेच गिरवावा.

सर्वांत जास्त नुकसान करणारे विधान अँटेनाविषयीचे आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. डोंगलबरोबर येणारी चुंबकाच्या बैठकीवरची वीतभर दांडी खोलीत टेबलावर ठेवली, तर सिमेंट-सळईच्या भिंती बाहेरची लहर क्षीण करतात आणि घरातले एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर आणि इन्व्हर्टर हे तिच्याभोवती स्वतःचा गोंगाट उभा करतात. ज्याला हे पटत नसेल त्याने लॅपटॉप बॅटरीवर ठेवून, पडद्यावर लहरींचा आलेख चालू असताना, घराचा मेन स्विच क्षणभर बंद करून पाहावा. आलेखाची तळरेषा कित्येकदा डोळ्यांदेखत खाली येते. त्याच डोंगलची अँटेना गच्चीवर नेली की जे मिळते ते अधिक महागड्या यंत्रानेही खोलीत मिळत नाही. दांडीची लांबीही लहरीप्रमाणे बदलावी लागते : ७५०० ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागले की पाव लहरीची लांबी सेंटिमीटरमध्ये मिळते. ९८.३ साठी ती ७६ सेंटिमीटर येते, तर विमानांच्या १०९० मेगाहर्ट्झसाठी जेमतेम ७. केबल शक्य तितकी आखूड असावी, कारण दहा मीटर आरजी-५८ केबल १०९० मेगाहर्ट्झवर निम्म्याहून अधिक शक्ती वाटेतच संपवते. त्यापेक्षा डोंगलच अँटेनाजवळ नेऊन यूएसबीची वाढीव तार संगणकापर्यंत आणणे बरे.

या विधानाची एक पुरवणीही लोक जोडतात : ‘कमी ऐकू आले तर अँप्लिफायर लावा, गेन पूर्ण चढवा.’ गेन म्हणजे आत आलेली लहर डोंगल किती वाढवते त्याचे प्रमाण. शहरात हा सल्ला बहुधा उलटतो. डोंगल लहर मोजते ती आठ बिटांत, म्हणजे केवळ २५६ पायऱ्यांत. जवळच्या एफएम मनोऱ्याच्या जोरदार लहरीने त्या सगळ्या पायऱ्या व्यापल्या की दुबळ्या लहरीला जागाच उरत नाही आणि जिथे कोणतेही प्रसारण केंद्र असू शकत नाही अशा ठिकाणी गाणी ऐकू येऊ लागतात. मुलांना वाटते की गुप्त केंद्र सापडले. ओळखण्याची रीत सोपी आहे : गेन ४९.६ डेसिबेलवरून हळूहळू उतरवत जावे. खोटे केंद्र झपाट्याने विरून जाते, खरे टिकते आणि पुष्कळदा अधिक स्वच्छ होते. एफएमचा पट्टा अडवणारी छोटी गाळणी अँप्लिफायरपेक्षा कधीही जास्त उपयोगी पडते. आणि केवळ अधिक किमतीचे यंत्र घेऊन हा प्रश्न सुटत नाही, कारण अनेकपट महाग असलेले हॅकआरएफदेखील आठ बिटांचेच आहे. त्याचे पैसे ६ गिगाहर्ट्झपर्यंतच्या पल्ल्याचे आणि प्रक्षेपणाच्या सोयीचे आहेत.

विमानांविषयीचे विधान खरे आहे. विमाने १०९० मेगाहर्ट्झवर आपली जागा, उंची आणि वेग उघडपणे सांगत असतात, आणि डम्प१०९० हा फुकट प्रोग्राम ते नकाशावर मांडतो. दहा किलोमीटर उंचीवरचे विमान, क्षितिज मोकळे असल्यास, साडेतीनशे किलोमीटरपर्यंत दिसू शकते; म्हणजे इंदुरातल्या गच्चीवरून भोपाळपलीकडची आणि दिल्ली-मुंबई दरम्यान उडणारी विमानेही.

उपग्रहाच्या विधानाला मात्र काळाने मागे टाकले आहे. संदेशासोबत फिरणारी ढगांची चित्रे नोआ-१५, १८ आणि १९ या अमेरिकी हवामान उपग्रहांची असतात. वर्षानुवर्षे नवशिक्यांचा तोच पहिला मोठा आनंद होता, पण हे तिन्ही उपग्रह २०२५ च्या जून ते ऑगस्टदरम्यान सेवेतून काढून टाकण्यात आले. आज कोणी १३७.१ मेगाहर्ट्झ लावून नोआ-१९ ची वाट पाहत बसेल तर दोष त्याच्या अँटेनाचा नाही. आता प्रयत्न करायचा तो रशियाच्या मेटिओर-एम मालिकेतल्या उपग्रहांसाठी. तेही १३७ मेगाहर्ट्झच्या आसपासच बोलतात, पण डिजिटल पद्धतीने, आणि त्यांची चित्रे सॅटडम्प हा प्रोग्राम उलगडतो. अँटेना घरी होते : प्रत्येकी ५३ सेंटिमीटरच्या दोन ॲल्युमिनियमच्या कांबी, त्यांच्यात १२० अंशांचा कोन, आणि मध्ये वायरमन वापरतात ती स्क्रूची प्लास्टिकची कनेक्टर पट्टी. महाराणी रोडच्या विजेच्या बाजारात असे सामान थोडक्या पैशांत मिळते. उपग्रह डोक्यावरून जायला पंधरा मिनिटांच्या आतबाहेर वेळ लागतो आणि तेवढ्यात अरबी समुद्रावरचे मोसमी ढग ओळीओळीने पडद्यावर उतरतात.

‘अभ्यास लागत नाही’ याविषयी एवढेच सांगतो की विंडोजवर पहिलाच अडथळा ड्रायव्हरचा असतो. झॅडिग नावाच्या प्रोग्रामने डोंगलचा मूळ ड्रायव्हर बदलावा लागतो, आणि यादीत चुकून कीबोर्ड किंवा माउस निवडला तर तोच बंद पडतो. यादीतले नाव दोनदा वाचूनच बटण दाबावे. त्यानंतर एसडीआर++ सारखा लहरी दाखवणारा आणि ऐकवणारा फुकट प्रोग्राम जुन्या लॅपटॉपवरही चालतो.

मोबाइलची बोलणी ऐकू येतात हे विधान धादांत खोटे आहे. १८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या टॉवरकडून येणाऱ्या लहरी, २१०० आणि २३०० चे पट्टे आणि फाइव्हजीचा ३३०० चा पट्टा हे डोंगलच्या १७६६ च्या मर्यादेबाहेर आहेत. जे खालचे पट्टे पल्ल्यात येतात तिथे फोरजीची एक वाहिनीच बहुधा ५ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून रुंद असते, आणि डोंगल एका वेळी सुमारे २.४ मेगाहर्ट्झच नीट पाहू शकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मोबाइल आणि टॉवर यांच्यातले संभाषण कूटबद्ध असते आणि त्याची मूळ किल्ली सिमकार्डात असते. जुन्या टूजीचे कूटलेखन तज्ज्ञांनी भेदून दाखवले आहे, पण त्याचा आधार घेऊन मुलांना शेजाऱ्याचा फोन ऐकण्याचे आमिष दाखवणे मला अत्यंत गैर वाटते.

‘नुसते ऐकणे हा गुन्हा नाही’ हे शेवटचे विधान सर्वांत धोकादायक आहे. १९३३ चा बिनतारी तारायंत्र कायदा यंत्र केवळ जवळ बाळगण्यालाही परवाना मागत होता, आणि घरच्या साध्या रेडिओचा परवाना उठला तो १९८० च्या दशकात. दूरसंचार कायदा, २०२३ अन्वये संदेश बेकायदा अडवून ऐकल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून सर्वांसाठी असलेली प्रसारणे आणि उपग्रहांची हवामानचित्रे यांपासून आरंभ करावा आणि पोलिसांच्या किंवा इतरांच्या खासगी बोलण्याच्या वाटेला जाऊ नये. ज्यांना पुढे स्वतः बोलायचेही असेल, त्यांनी दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेची हॅम, म्हणजे हौशी रेडिओची, परीक्षा द्यावी. तिच्या रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची संकेतलिपी, लागत नाही, शाळकरी मुलेही ती देऊ शकतात, आणि उत्तीर्ण झाल्यावर मिळणारे स्वतःचे संकेतनाव व्हीयू३ ने सुरू होते.