पुरात गेले म्हणे कागद!

इतिहासाच्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक मजकूर पुन:पुन्हा पुढे ढकलला जातो. त्याचा सारांश असा: ‘शिवाजी विद्यापीठाच्या इतिहासावर काम करायचंय? मग दप्तरं उलगडत बसू नका. जुने कागद पुरात आणि रद्दीत गेले. उरलेत ते मोडीत आहेत. परवानगी मिळत नाही. महत्त्वाचं सगळं स्मरणिकेत आणि वेबसाइटवर आलंय, बाकी निवृत्त प्राध्यापकांना विचारा.’ एम. ए. चा प्रबंध निवडणारी पोरं हे वाचून विषयच बदलतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘कागद पुरात गेले.’ पंचगंगेचं पाणी 2005, 2019 आणि 2021 साली कोल्हापूर शहरात शिरलं, पण ते सखल भागात. विद्यापीठ सागरमाळावर, उंचावर आहे. नदीकाठच्या पेठांतली घरगुती कागदपत्रं भिजली असतील, त्यांचं दुःख वेगळं. कार्यालयातले कागद जातात ते बहुतेक वेळा रीतसर निर्लेखनात, म्हणजे मुदत संपल्यावर नष्ट करण्यात. सरकारी पद्धतीत अभिलेखांची वर्गवारी असते: ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ 30 वर्षांचा, ‘ड’ एका वर्षाचा. रजेचे अर्ज गेले म्हणून सभांची इतिवृत्तंही गेली असं होत नाही. तेव्हा ‘नाही हो सापडत’ हे उत्तर तोंडी घेऊन परत फिरू नका. अभिलेख कक्षाची नोंदवही बघायला मागा, आणि नस्ती (म्हणजे फाइल) नष्ट केली असेल तर नष्ट केलेल्या अभिलेखांची यादी मागा. बऱ्याचदा नस्ती गेलेली नसते. ज्या विभागात ती सुरू झाली त्याचं नाव बदललेलं असतं, नाहीतर तो विभाग दुसऱ्यात विलीन झालेला असतो.

दुसरं, पत्राला दोन टोकं असतात. विद्यापीठाने महाविद्यालयाला पाठवलेल्या पत्राची स्थळप्रत (कार्यालयात ठेवलेली नक्कल) विद्यापीठात आणि मूळ प्रत महाविद्यालयाच्या आवक फायलीत असते. एक टोक गेलं तर दुसरं शोधायचं. जावक क्रमांक आणि तारीख हाताशी असेल तर महाविद्यालयातला जुना लिपिक हे काम चटकन करून देतो.

‘कोल्हापुरात नाही म्हणजे कुठेच नाही.’ मजकुरात हे उघड म्हटलेलं नाही, पण गृहीत आहे, आणि सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं. विद्यापीठाचं उद्घाटन 18 नोव्हेंबर 1962 रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते झालं. त्याआधीचा निर्णय कोल्हापुरात झालेलाच नाही, तो मुंबईत झाला. विद्यापीठ कायद्याने स्थापन झालं, म्हणजे विधेयक आलं, चर्चा झाली, राजपत्रात प्रसिद्धी झाली. विधिमंडळाच्या छापील कामकाजात आमदारांची भाषणं शब्दशः मिळतात. शिक्षण खात्याचा पत्रव्यवहार तेव्हाच्या सचिवालयातला, त्यामुळे त्याचा माग मुंबईच्या पुराभिलेख संचालनालयात आणि खात्याच्या अभिलेख कक्षात काढायचा.

आणखी मागे गेलात तर राजाराम कॉलेज 1880 चं. त्याची संलग्नता आधी मुंबई विद्यापीठाकडे आणि 1949 मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाल्यावर तिकडे. 1935 सालचे निकाल नि अभ्यासक्रम सागरमाळावर शोधणारा माणूस हात हलवत परत येणारच. ते मुंबई विद्यापीठाच्या त्या वर्षीच्या कॅलेंडरमध्ये, म्हणजे वार्षिक माहितीपुस्तकात आहेत. उलट सोलापूरच्या महाविद्यालयांचे 2004 पर्यंतचे संलग्नतेचे कागद कोल्हापुरात तयार झाले, कारण सोलापूर विद्यापीठ त्या वर्षी वेगळं झालं. ‘त्या वर्षी हा निर्णय कोणाच्या अखत्यारीत होता?’ हे आधी कागदावर लिहून काढा, मगच एस.टी.चं तिकीट काढा.

विद्यापीठाचे कायदेही लक्षात ठेवावे लागतात: 1962, 1974, 1994 आणि 2016. 1980 सालच्या नोंदींत ‘व्यवस्थापन परिषद’ शोधाल तर काही मिळणार नाही, कारण 1974 च्या कायद्यात ती कार्यकारी परिषद होती. सूची चाळताना त्या काळातलंच नाव वापरायचं.

‘सगळं मोडीत आहे.’ 1962 नंतरचं विद्यापीठ मराठी-इंग्रजी टंकलेखनात आणि सायक्लोस्टाइलवर चाललं. त्याला मोडी लागत नाही. मोडी लागते ती संस्थानकाळासाठी, म्हणजे कोल्हापूर पुरालेखागारातल्या करवीर (कोल्हापूर) दरबाराच्या रुमालांसाठी, म्हणजे कापडात बांधलेल्या दप्तरांसाठी. तुमचा प्रश्न संस्थानकाळातल्या बोर्डिंगं (विद्यार्थी वसतिगृहं) आणि शिष्यवृत्त्यांपर्यंत मागे जात असेल तर मोडी शिका. नसेल तर अडून बसू नका. संस्थानी अहवालात फसली सन (जुनं महसुली वर्ष) दिसला तर इसवी सन काढायला जून ते डिसेंबरसाठी 590 आणि जानेवारी ते मेसाठी 591 मिळवा. फसली 1320 म्हणजे 1910-11. हा हिशेब चुकला की अख्खं प्रकरण एक वर्ष सरकतं.

‘परवानगी मिळत नाही.’ मोघम अर्जाला मिळत नाही, हे खरं. ‘विद्यापीठाच्या स्थापनेविषयी संपूर्ण माहिती द्यावी’ असा अर्ज कुठल्या टेबलावर जाणार? आधी मार्गदर्शकांचं पत्र जोडून कुलसचिवांना साधा अर्ज द्या: विषय, कालखंड, कोणत्या सभांचे कागद, किती दिवस. अर्जाची पोच घ्या. महिनाभरात हालचाल नसेल तर माहितीचा अधिकार आहेच. 10 रुपये शुल्क, 30 दिवसांची मुदत, ए-फोर झेरॉक्सला पानामागे 2 रुपये. पण एकदम प्रती मागू नका, पाहणी मागा. महाराष्ट्राच्या नियमांत पाहणीचा पहिला तास मोफत आहे, पुढे दर 15 मिनिटांना 5 रुपये. दोन तासांत चार गठ्ठे चाळून नेमकी बारा पानं निवडणं हे आठशे पानांचे पैसे भरण्यापेक्षा बरं. वीस वर्षांपूर्वीच्या घटनांना कायद्यातले बहुतेक अपवाद लागू होत नाहीत, कलम 8(3) चा उल्लेख अर्जातच करा. विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका आणि सेवापुस्तकांतला खाजगी तपशील मात्र हाती आला तरी नावानिशी छापू नये.

‘स्मरणिका आणि आठवणी पुरेशा आहेत.’ स्मरणिका हा समारंभाचा कागद, त्यात भांडणं नसतात. आठवणी मोलाच्या, पण त्या तपासून घ्याव्या लागतात. एक कसोटी सांगतो. उद्घाटनाच्या एखाद्या फोटोखाली ‘संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण’ असं लिहिलेलं दिसलं, तर ती ओळ त्या दिवशीची नाही. चीन युद्ध चालू होतं, आणि 18 नोव्हेंबरला यशवंतराव अजून मुख्यमंत्रीच होते. संरक्षण खातं त्यांनी त्यानंतर तीन दिवसांनी हाती घेतलं. फोटो खरा असेल, मथळा नंतरचा.

इतिवृत्तंही डोळे झाकून घ्यायची नसतात. इतिवृत्तात ठराव एका ओळीत येतो. का आणि कोणाच्या विरोधात, हे विषयपत्रिकेच्या परिशिष्टात आणि नस्तीत असतं. नस्ती उघडली की डावीकडे टिपणी, उजवीकडे पत्रव्यवहार. टिपणीत ‘पृ. 14/प.वि.’ (पत्रव्यवहार विभाग) असं आलं की उजवीकडचं चौदावं पान काढायचं. लिपिकापासून कुलगुरूंपर्यंत टिपणी चढताना मत कुठे बदललं, ते तिथेच कळतं. आणि पुढच्या सभेचं इतिवृत्त बघितल्याशिवाय मागच्या सभेचा ठराव उतरवू नका. ‘मागील इतिवृत्त कायम करणे’ या पहिल्याच विषयात दुरुस्त्या दडलेल्या असतात.

‘वेबसाइटवर आलंय.’ थोडंसं आलंय. कॅटलॉग म्हणजे कागदांची यादी, कागद नव्हे. त्या काळातली वर्तमानपत्रंही करवीर नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयांत बसूनच चाळावी लागतात.

कागद हातात आला की पेन बाजूला, फक्त पेन्सिल. गंजलेली टाचणी ओढू नका, पान फाटतं. पहिला फोटो गठ्ठ्याच्या वेष्टनाचा, मग नस्तीच्या मुखपृष्ठाचा, मग पानं क्रमाने. प्रत्येक फ्रेममध्ये नस्ती क्रमांकाची चिठ्ठी हवी, नाहीतर महिन्याने मोबाइलमधले तीनशे फोटो निरुपयोगी ठरतात. फ्लॅश बंद. आणि 1990 नंतरच्या नस्त्यांत गुळगुळीत, गुंडाळी होणारा फॅक्सचा कागद दिसला तर त्याचा फोटो सगळ्यात आधी काढा. उष्णतेवर छापलेली ती अक्षरं दरवर्षी फिकी होत चालली आहेत.