‘राउटरला एवढंच लागतं’ या मेसेजला उत्तर

सीएनसी राउटर (कॉम्प्युटरच्या हुकमावर लाकूड कोरणारं मशीन) बनवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : हॉबी सीएनसी राउटरला आर्डुइनो ऊनो (छोटा कंट्रोलर बोर्ड), त्यावर बसणारं सीएनसी शील्ड, मोटरला करंट देणारे चार ए4988 ड्रायव्हर आणि 12 व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) पुरे. स्टेपर मोटर (पायरीपायरीने फिरणारी) नेमा 23 असली तरी चालते. वायर घरात असेल ती वापरा, लिमिट स्विच (अक्षाच्या टोकाला मशीन थांबवणारे) नंतर लावा. इमर्जन्सी स्टॉपची चिंता नको, शील्डवर रिसेट बटण आहेच.

यातली ऊनोची गोष्ट खरी आहे. जीआरबीएल हे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर त्याच्यावर सेकंदाला 30,000 पल्सपर्यंत देतं; एका पल्सला मोटर एक बारीक पायरी फिरते. 5 मिमी लीडचा (एका फेऱ्यात अक्ष 5 मिमी सरकवणारा) बॉलस्क्रू आणि फेऱ्याला 1600 पल्स धरले, तर मिमीला 320 पल्स लागतात. म्हणजे मिनिटाला साडेपाच हजार मिमीहून जास्त वेग. लाकडाला एवढा भरपूर झाला. महागडा कंट्रोलर घ्यायची घाई नको.

पण ‘नेमा 23 चालते’ हे मला अजिबात मान्य नाही. 23 हा ताकदीचा आकडाच नाही. मोटरचं तोंड 2.3 इंच, म्हणजे सुमारे 58 मिमी, एवढंच तो सांगतो. या मापाच्या बऱ्याच मोटरी दर फेजला (आतल्या कॉइलच्या गटाला) 2.8 ते 3 अँपिअर मागतात. ए4988ची कागदावरची मर्यादा 2 अँपिअर आहे, आणि इवल्याशा हीटसिंकवर तो एकाच्या आसपासच सुखाने चालतो. टॉर्क करंटवर अवलंबून असतो, तेव्हा पैसे पूर्ण मोटरचे मोजायचे आणि काम तिच्या तिसऱ्या हिश्श्याकडून घ्यायचं, असा हा व्यवहार होतो. हवेत मशीन छान पळतं. सागवानात बिट शिरलं की स्टेप (मोटरच्या पायऱ्या) सुटतात आणि कंट्रोलरला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण मोटरकडून उलट खबर येतच नाही. 12 व्होल्टचं दुखणं वेगात दिसतं : कॉइलमध्ये करंट चढायच्या आत पुढची स्टेप येते. 36 व्होल्टचा एसएमपीएस आणि डीएम542 जातीचे वेगळे ड्रायव्हर घ्या. ते 20 ते 50 व्होल्ट आणि 4.2 अँपिअर पीकपर्यंत चालतात.

वायरिंगचा धडा मी स्वतःच्या मशीनवर शिकलो. स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) चालू केला की गॅन्ट्री, म्हणजे स्पिंडल वाहणारा पूल, मधोमध उभी असतानाही हार्ड लिमिटचा, म्हणजे टोक गाठल्याचा अलार्म यायचा. दोन दिवस मी स्विच बदलत बसलो. दोष स्विचचा नव्हता. लिमिटच्या बारीक वायरी मी व्हीएफडीच्या (स्पिंडलचा वेग बदलणाऱ्या यंत्राच्या) केबलसोबत एकाच ड्रॅग चेनमध्ये (केबल वाहणाऱ्या साखळीत) कोंबल्या होत्या. ऊनोचा आतला पुल-अप (इनपुटला वरच्या व्होल्टेजवर धरणारा रेझिस्टर) इतका अशक्त असतो की शेजारचा गोंगाट त्याला स्विच दाबल्यासारखाच वाटतो. स्पिंडलला शील्डेड केबल घातली, लिमिटच्या वायरी वेगळ्या वाटेने नेल्या, प्रत्येक इनपुटवर 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, तेव्हा अलार्म थांबला. स्विच एनसी पद्धतीने (एरवी जोडलेला, दाबल्यावर तुटणारा) जोडा आणि जीआरबीएलमध्ये $5=1 करा, म्हणजे तो लिमिटचा सिग्नल उलटा वाचतो. मग वायर तुटली तरी मशीन थांबतं. एनओ (एरवी तुटलेल्या, दाबल्यावर जुळणाऱ्या) जोडणीत तुटलेली वायर कळते ती गॅन्ट्री धडकल्यावर. जुन्या शील्डवर आणखी एक गोम आहे : झेड लिमिट (वरखाली अक्षाचं) डी11 पिनवर छापलेलं असतं, पण जीआरबीएल 0.9पासून व्हेरिएबल स्पिंडलसाठी (वेग बदलता येण्यासाठी) ते डी12वर गेलं आहे. आणि ड्रायव्हर चालू असताना मोटरची वायर कधीही ओढू नका, ड्रायव्हर जळतो.

सगळ्यात घातक वाक्य रिसेट बटणाचं आहे. ते बटण ऊनोला पुन्हा सुरू करतं. त्याने अक्ष थांबतील, पण वेगळ्या प्लगवरचा राउटर (स्पिंडलऐवजी बसवलेलं हातातलं यंत्र) किंवा स्वतःच्या नॉबवर चालणारा व्हीएफडी फिरतच राहील, 24,000 आरपीएमने. बाही अडकलेल्या माणसाच्या ते काय उपयोगाचं? एनसी संपर्काचं, दाबल्यावर आत अडकून राहणारं लाल मशरूम बटण घ्या आणि ते काँटॅक्टरच्या (विजेने ओढला जाणारा मोठा स्विच) कॉइलच्या सिरीजमध्ये टाका. राउटर आणि ड्रायव्हरचा एसएमपीएस दोन्ही त्या काँटॅक्टरमागे हवेत. शेतातल्या पंपाचा डीओएल स्टार्टर आठवा : लाइट गेली की तो सुटतो आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय परत लागत नाही. राउटरलाही तसंच होल्डिंग हवं, नाहीतर तुम्ही बिट बदलत असताना लाइट येईल आणि बिट पकडणारा कोलेट हातातच फिरू लागेल.

अर्थिंगचं तर मेसेजमध्ये नावच नाही. 1.5 किलोवॉटच्या अनेक स्पिंडलच्या कनेक्टरची चौथी, अर्थची पिन बॉडीला जोडलेलीच नसते. प्लग काढा, मल्टीमीटर कंटिन्युइटीवर ठेवा आणि ती पिन ते बॉडी तपासा. बीप आला नाही, तर आधी बॉडीपासून अर्थची स्वतंत्र वायर घ्या. प्लग त्यानंतरच लावा.