न आलेल्या मुलाला फोन कोण करणार?

आमच्या नाशिकच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच वाद पेटला आहे. ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, मग नाशिकला का नाही? आमदारांना निवेदन द्यायचं ठरतंय. मागणी रास्तच आहे. पण ज्यांच्यावरून विषय निघाला ती मुलं एकोणीस-वीस वर्षांची. कॉलेजात असताना कानात आवाज यायला लागतात, शेजारी पाळत ठेवतात अशी खात्रीच पटते. डॉक्टर याला सायकोसिस म्हणतात. त्यांचं घोडं खाटांपाशी अडत नाही. दोन-तीनदा ओपीडीत येतात, जरा बरं वाटलं की यायचीच बंद होतात. आणि पहिल्या झटक्यानंतर औषध सोडलं तर आजार उलटण्याचा धोका जवळपास पाचपट होतो, हे 1999 सालीच एका अमेरिकन अभ्यासात दिसलं होतं.

मी मेलबर्नला अशाच मुलांसाठीच्या सेवेत काम करते. पॅट्रिक मॅकगोरी आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये याच शहरात तरुणांच्या पहिल्यावहिल्या सायकोसिससाठी वेगळी सेवा उभी केली. पुढे इंग्लंडसह अनेक देशांनी ती वाट धरली. इथे डॉक्टर असतातच, पण सगळा डोलारा केस मॅनेजरवर, म्हणजे प्रत्येक मुलाच्या मागे राहणाऱ्या नेमलेल्या माणसावर, उभा असतो. मुलगा आला नाही की मेसेज, मग फोन, तरी नाही तर थेट त्याच्या दारात. एकाला मी बहुतेक वेळा बास्केटबॉल कोर्टाशेजारच्या बाकावरच भेटते. गोळ्यांचा विषय शेवटची पाच मिनिटं. त्याआधी गोळ्यांनी वजन वाढून जीन्स कमरेला बसत नाही, सकाळी डोळा उघडत नाही, कामावर बोलणी बसतात, हे सगळं. गोळी सुटते ती बहुतेकदा या जीन्सपायी. ते कळलं तर डोस किंवा औषध बदलता येतं.

तरीही इथली पोरं निसटतात. एका खोलीत एकटा राहणारा विद्यार्थी चार दिवस जेवला नाही, तरी विचारणारं कोणी नसतं. चेन्नईच्या ‘स्कार्फ’ या मानसिक आजारांवर काम करणाऱ्या संस्थेत आणि कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये सारख्याच धर्तीच्या दोन वर्षांच्या उपचारांची तुलना झाली होती. उपचार मध्येच सोडणारे चेन्नईत कमी निघाले आणि घरच्यांचा संपर्कही तिथेच जास्त होता. म्हणजे ज्यासाठी इथलं सरकार पगारी माणूस नेमतं, ते काम आपल्याकडे आई-मावशी फुकटात करतात.

पण कसं करतात, तेही बघा. आमच्या नात्यात, सिडकोतल्या एका घरी, आई गोळी कुस्करून वरणात घालायची. पोराच्या लक्षात आलं. मग त्याने घरचं अन्नच सोडलं, नाक्यावरच्या वडापाववर दिवस काढले. संशय हाच ज्याचा आजार, त्याचा संशय घरानेच खरा करून दाखवला! ओपीडीतही वडील, काका, आई बोलतात आणि पेशंट पंख्याकडे बघत बसतो. डॉक्टरांनी घरच्यांना दहा मिनिटं बाहेर बसवलं तर काय बिघडेल? त्र्यंबकेश्वरला नारायण-नागबळी करायचा असेल तर खुशाल करा, माझं भांडण नाही. फक्त त्या तीन दिवसांत गोळ्या बंद करू नका. ‘लग्न झालं की सुधारेल’ म्हणणाऱ्यांशी मात्र माझं भांडण आहे.

ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे, चांगली सोय आहे. पण तिथे फोन पेशंटने किंवा घरच्यांनी करायचा. आपल्याला काही झालंय हेच ज्याला पटत नाही, तो कशाला करेल? फोन उलट्या दिशेने यायला हवा. आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच आहे, नर्सिंगची आणि समाजकार्याची मुलं शहरात शिकतायत. प्रत्येक मानसोपचार ओपीडीत त्यांच्यातलं एक माणूस नेमा, शिकवून तयार केलेलं, पगारी, दर वर्षी न बदलणारं. आज कोण आलं नाही, एवढं त्याने संध्याकाळी वहीत बघायचं आणि आधी मुलालाच फोन लावायचा, आईला नंतर.

निवेदनात खाटांच्या मागणीच्या वर हे घालणार असाल, तर माझीही सही धरा.