शंकासुर, सोसणारे आणि सोमवारची बैठक

सांगलीत राहणाऱ्या माणसाने अमुक गोष्टीचे पेव फुटले असे म्हणताना जरा जपून बोलावे, कारण शेजारच्या हरिपुरात हळद साठवण्याची जमिनीखालची खरीखुरी पेवे होती आणि त्यांचा उल्लेख अजूनही आदराने केला जातो. तरीही व्यक्तिमत्त्व ओळखण्याच्या चाचण्यांचे पेव फुटले आहे असे म्हणण्यावाचून मला गत्यंतर नाही, कारण त्यांतले एक थेट आमच्या कचेरीत फुटले.

आमची सोमवारची बैठक साडेदहाला सुरू होते आणि जेवणाच्या डब्यांचा वास सुटेपर्यंत चालते. तिचे इतिवृत्त लिहिण्याचे काम गेली अनेक वर्षे माझ्याकडे आहे. बैठक सुधारावी म्हणून साहेबांनी पुण्याहून एका प्रशिक्षक मॅडमना बोलावले. त्यांनी आम्हा सर्वांकडून एक लांबलचक प्रश्नावली भरून घेतली आणि माणसे चार प्रकारची असतात असे सांगून डी, आय, एस, सी ही चार अक्षरे फळ्यावर लिहिली. त्यांचे इंग्रजी अर्थ सांगून होतात न होतात तोच गोदामातल्या आबांनी त्यांचे मराठीकरण करून टाकले: दामटणारे, ऐसपैस, सोसणारे आणि शंकासुर. मॅडमना ते फारसे रुचले नसावे, पण कचेरीत तेच रूढ झाले.

या वर्गीकरणाचे मूळ विल्यम मार्स्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या 1928 सालच्या ग्रंथात आहे. खोटे बोलताना माणसाचा रक्तदाब वाढतो का, याचाही अभ्यास या गृहस्थांनी केला आणि पुढे 1941 साली चित्रकथांमधल्या वंडर वुमनला जन्म दिला. प्रश्नावली मात्र त्यांनी बनवलीच नव्हती. ती नंतरच्या लोकांची करामत. त्यांचा रक्तदाबाचा पट्टा आम्हांला प्रश्नावली भरताना बांधला असता तर बरे झाले असते असे मला अजूनही वाटते, कारण या चाचणीत माणूस स्वतःविषयी जे सांगेल तेच खरे धरले जाते. आमच्या साहेबांनी आजवर कोणाचे वाक्य पुरे होऊ दिलेले नाही. त्यांचा निकाल आला: सोसणारे. खोलीत कोणीही हसले नाही, यावरून खरे सोसणारे कोण ते मॅडमच्या लक्षात यायला हवे होते.

माझाही निकाल सोसणारे असाच आला. ‘आपण शांत आहात, पण प्रसंगी ठाम भूमिका घेता’ हे वाक्य वाचून मी सुखावलो, आणि दोन दिवसांनी कळले की तो अहवाल हिशेब विभागातल्या ताईंचा होता व माझा अहवाल वाचून त्याही तितक्याच सुखावल्या होत्या. बर्ट्रम फोरर नावाच्या प्राध्यापकांनी 1948 साली आपल्या 39 विद्यार्थ्यांना एकच मजकूर ‘हे खास तुमचे वर्णन’ म्हणून वाटला होता आणि विद्यार्थ्यांनी त्याला पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले होते. आम्ही दोघांनी पुरे पाच दिले असते.

मॅडमनी बैठकीसाठी सांगितलेले नियम मात्र वाईट नव्हते, हे कबूल केले पाहिजे. दामटणाऱ्यांना आधी निष्कर्ष सांगावा आणि कारणे मागून. ऐसपैस मंडळींना सुरुवातीची पाच मिनिटे मोकळे बोलू द्यावे. सोसणाऱ्यांना नाव घेऊन मत विचारावे आणि उत्तराला वेळ द्यावा. शंकासुरांकडे कागद दोन दिवस आधी पोहोचवावेत. लग्नाच्या याद्या करायला बसलेल्या मंडळींत कोणत्या काकांना आकडा आधी सांगायचा आणि कोणत्या आत्याला स्वयंपाकघरात नेऊन हळूच विचारायचे, हे आमच्या मावशीला कोणत्याही प्रश्नावलीशिवाय ठाऊक होते. पण मावशी मानधन घेत नसे, त्यामुळे तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

पंचाईत अशी झाली की, पूर्वी जो स्वभाव होता त्याचे आता प्रमाणपत्र झाले. विक्री विभागाचे अण्णा आधी दहा मिनिटे बोलून ओशाळत असत. आता ते ‘मी ऐसपैस आहे, मला तोडू नका’ असे म्हणून नव्याने सुरुवात करतात. ताई पूर्वी चार शंका काढत. आता अकरा काढतात आणि बाराव्या शंकेसाठी पुढची तारीख मागतात.

या सगळ्याचा कळस जुलैत झाला. आमची कचेरी नदीच्या बाजूला, तळमजल्यावर आहे आणि आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 38 फुटांवर गेली होती. 40 फुटांवर इशारा आणि 45 फुटांवर धोका, हे सांगलीतल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. विषय एवढाच होता की जुन्या फायली वरच्या मजल्यावर कधी न्यायच्या. आबांनी निष्कर्ष आधी सांगितला: “साहेब, आत्ताच उचला की! मागनं काय होडीतनं न्यायच्यात?” त्यावर अण्णांनी 2019 साली पाणी 57 फुटांच्या वर गेले तेव्हा त्यांच्या मेव्हण्याची म्हैस स्लॅबवर कशी चढवली, ते म्हशीच्या स्वभाववर्णनासह सांगितले. ताईंनी कोयनेतला विसर्ग, पाणी सांगलीत पोहोचायला लागणारे तास आणि फायलींची वर्षवार यादी मागितली. मग नियमाप्रमाणे मी नम्रपणे म्हणालो, “साहेब, आपले मत?” साहेबांनी डोळे मिटले. सोसणाऱ्याला वेळ द्यायचा असतो म्हणून आम्ही वेळ दिला. बऱ्याच वेळाने डोळे उघडून ते म्हणाले, “मला कधी कुणी विचारतच नाही. रात्रभर विचार करतो.”

त्या संध्याकाळी मी आणि आबांनी मिळून 212 फायली वर नेल्या. माझी कंबर तेव्हापासून स्वतःचे इतिवृत्त स्वतंत्रपणे लिहीत आहे.

पाणी 40 पर्यंत गेलेच नाही. पुढच्या सोमवारी ते 33 फुटांवर आले होते आणि ‘पाणी उतरल्यामुळे विषय पुढील पावसाळ्यापर्यंत तहकूब’ असा ठराव एकमताने झाला. येत्या बैठकीचा पहिला विषय ‘फायली परवानगीशिवाय वरच्या मजल्यावर कशा गेल्या’ हा आहे. त्याचे कागद मीच तयार करून, नियमाप्रमाणे दोन दिवस आधी ताईंकडे पाठवले. फायली 212 नसून 214 आहेत, असे त्यांनी लेखी कळवले आहे.