आप्पांसाठी मशीन घ्यायच्या आधी त्यांना चालवून तरी बघा

गेले कित्येक दिवस आमच्या फॅमिली ग्रुपवर एकच वाद चाललाय, आप्पांसाठी ऑक्सिजनचं मशीन घ्यायचं का. आप्पा म्हणजे माझे मोठे काका, जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याकडचे, सगळा जन्म जिनिंगमध्ये रुईच्या धुळीत गेला, वर बिडी, आणि आता सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागण्याचा जुनाट आजार. एक भाऊ म्हणतो घेऊन टाकू, दुसरा म्हणतो लाईटच जाते तर मशीन चालणार कशावर, वहिनीला वाटतं तोंडाने ओढायच्या औषधाच्या पंपाची सवय लागली तशी याचीही लागेल. एकमत फक्त एवढ्यावर की आप्पांनी आता हलायचं नाही, पाणीसुद्धा खाटेवर द्यायचं.

मला हेच एकमत सगळ्यात जास्त खटकतं. मी इथे इंग्लंडात लेस्टरला फिजिओ आहे, अशाच पेशंटचे व्यायामाचे वर्ग घेते. पेशंट आला की आधी त्याला चालवतात. ३० मीटरचा सपाट पॅसेज, ६ मिनिटं, त्यात एकूण किती मीटर चालला ते मोजायचं, दम लागला तर थांबायचं पण घड्याळ थांबत नाही, आणि दम किती लागला ते ० ते १० मध्ये त्यानेच सांगायचं. चाचणी दोनदा घेतात कारण दुसऱ्या वेळी माणूस बहुतेक जास्तच चालतो, मोठा आकडा धरायचा. मग ६ ते ८ आठवडे, आठवड्यातून दोनदा व्यायाम, आणि पुन्हा तीच चाचणी. साधारण ३० मीटर वाढले की पेशंटला स्वतःला जाणवेल एवढा फरक पडला असं मानतात. फुप्फुसाची ताकद मोजायच्या, नळीत फुंकायच्या टेस्टचा आकडा बहुतेक होता तिथेच असतो बरं का! मांड्यांत ताकद येते, म्हणून तेवढ्याच फुप्फुसावर माणूस जास्त चालतो.

जागा नसेल तर बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, हात छातीवर घ्यायचे आणि १ मिनिटात किती वेळा उठबस होते ते मोजायचं. शेवटी शेवटी पाय थरथरायला लागतात, ओठ आवळून श्वास सोडत माणूस अजून एकदा उठतो. ३ उठाबशा वाढल्या तरी ती सुधारणाच.

आता मशीनचं. तब्येत स्थिर असताना, नुसतं बसल्या जागी बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ८८ टक्के किंवा त्याखाली राहत असेल तर दिवसाचे १५ तास तरी तो लावल्याने आयुष्य वाढतं, अशा पेशंटला मशीन हवंच. पण ८९ ते ९३ वाल्यांवर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला, २०१६ साली छापून आला, त्यात आयुष्यही वाढलं नाही आणि ६ मिनिटांचं चालणंही सुधारलं नाही. आप्पांचा बसून ९२ येतो, भावानेच ग्रुपवर फोटो टाकलाय. मग मशीनला एवढे पैसे घालायचे आणि पाय खाटेवर वाळू द्यायचे, हे मला पटत नाही.

इथलं सगळं उचलून तिकडे न्या असं मी म्हणत नाहीये. इथेही वेटिंग असतं, डॉक्टरांची चिठ्ठी मिळालेले कितीतरी जण वर्गाला येतच नाहीत. आणि फॉर्म तर इथल्या घरांचेच. त्रास मोजायचा ८ प्रश्नांचा एक फॉर्म सगळीकडे चालतो, त्यात विचारतात की चढण किंवा एक मजला जिना चढल्यावर दम लागतो का. तापीकाठच्या सपाट गावात, बिनजिन्याच्या घरात राहणाऱ्या बाईने याला काय उत्तर द्यायचं? पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या धुरात जन्मभर चूल फुंकलेल्या आमच्या काकूंना विचारायचं तर हे विचारा, खाली बसून भाकरी थापून उठताना किती वेळ लागतो, हंडा भरून ओट्यापर्यंत येताना कुठे टेकावं लागतं. सातपुड्यातल्या पाड्यावरच्या माणसाला मात्र चढणीचा प्रश्न बरोब्बर लागू पडेल.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या सिव्हिलला लांब व्हरांडे आहेत, त्यात ३० मीटरवर दोन खुणा आणि एक शिकवलेला माणूस, एवढ्यावर हे सुरू होऊ शकतं. फक्त मे महिन्यात दुपारी नको, सकाळी घ्या, आणि व्यायामाआधीची आणि नंतरची चाचणी दिवसाच्या एकाच वेळेला घ्या, नाहीतर आपण ऊनच मोजू.

भावांना मी ग्रुपवर लिहिलंय की आधी छातीच्या डॉक्टरांना विचारून आप्पांची चालायची चाचणी करून घ्या, आकडा मला पाठवा, मशीनचं त्यानंतर बोलू. व्यायाम बंद केला की कमावलेलं हळूहळू जातं, म्हणून हेही विचारलंय की रोज सकाळी त्यांच्यासोबत कोण चालणार. त्याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.