वाइन मागवताना आवड लपवा

वाइनची यादी हातात पडली की आपल्याला काय आवडतं हे कोणालाही कळू देऊ नका. मिसळवाल्याला ‘तर्री वेगळी द्या, फरसाण जास्त’ असं ठणकावून सांगणं वेगळं. इथे काळ्या कोटातला सॉमेलिए उभा आहे. दिवसभर वाइन चाखणं, हुंगणं आणि कोणत्या पदार्थाशी काय जुळतं ते ठरवणं हाच त्याचा धंदा. अशा माणसावर विश्वास कसा ठेवायचा?

त्याने ‘थोडी गोडसर चालेल?’ विचारलं, की ‘छे, एकदम ड्राय’ म्हणा. चहात तुम्हाला दोन चमचे साखर लागते, हे मनातच ठेवा. नाहीतर तो नाशिकची किंचित गोडसर शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन सुचवेल आणि ती तुम्हाला चक्क आवडेल.

बजेटही सांगायचं नाही. यादीतल्या एखाद्या किमतीवर बोट ठेवून ‘साधारण अशी काहीतरी’ म्हटलं की त्याला कळतं, पाहुण्यांना पत्ताही लागत नाही. पण मग घाम कधी फुटणार?

तो पेल्यात घोटभर ओतेल. हा घोट बाटली नासलेली नाही ना, एवढंच पाहायला असतो. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर बुचाने घात केलाय, बाटली परत करता येते. तुम्ही पुठ्ठा हुंगून ‘वा, मातीचा सुगंध!’ म्हणा. फिरकीचं झाकण असेल तर झाकण हुंगा.

रेड वाइन ‘रूम टेंपरेचर’लाच हवी, असा हट्ट धरा. ही रूम युरोपातली, १६ ते १८ अंशांची. नाशिकची मे महिन्यातली खोली नव्हे. त्याने ‘दहा मिनिटं बर्फात ठेवू का?’ विचारलं तर पाहुण्यांकडे बघून हसा.

तरीही तो ऐकेना, तर फ्रान्समधल्या बोर्दोचा २००१ सालचा प्रयोग तोंडावर फेका. पांढऱ्या वाइनमध्ये लाल रंग मिसळला आणि वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन रेडच्या शब्दांत केलं. म्हणजे जाणकार सगळे भोंदू! (शिकलेलं नाक रंगाला फसतं, तर आपलं किती फसेल, हा प्रश्न टाळा.)

शेवटी झणझणीत कोल्हापुरी रश्श्यासोबत यादीतली सर्वांत कडक, तुरट रेड वाइन, शिराज, मागवा. तो ‘तिखट अजून चढेल हो’ म्हणेल, म्हणू दे. जीभ पेटली की पाणी मागवा. मागवताना मात्र ‘साधं, बिनबर्फाचं, बाटलीतलं नको’ हे नीट बजावून सांगा.