दीक्षेनंतरचा धम्म गावाने सांभाळला

१४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांसह घेतलेल्या बौद्ध धम्माच्या दीक्षेवरचा तुमचा लेख आवडला. बाबासाहेब, त्यांना दीक्षा देणारे भंते चंद्रमणी, व्यासपीठ, सगळं आलं. पण समोर बसलेल्या लाखो माणसांना एकच ओळ? ती माणसं दुसऱ्या दिवशी गावी परतली, तिथून पुढचा इतिहास कोणी लिहायचा?

६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. दीक्षेला दोन महिनेही झाले नव्हते. खेड्यात भिक्खू नव्हते, विहार नव्हतं. आमच्याकडे, यवतमाळच्या बाजूला, कोरडवाहू शेतावर रोजमजुरी करणाऱ्यांनीच देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले, दीक्षेवेळी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा पाठ केल्या, वर्गणी काढून विहार बांधलं. लग्न, नामकरण, माणूस गेल्यावरचं पुण्यानुमोदन आजही गावातलाच बौद्धाचार्य लावतो. तो चीवरधारी भिक्खू नाही, आपल्यासारखाच संसारी माणूस.

आणि बाया! वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातल्या धम्मसाधनेच्या काळात, आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत, दिवसभर निंदण करून आलेल्या बाया पांढरं लुगडं नेसून विहारात बसतात. शाळेत जाणारी नात ग्रंथ वाचते, आजी मधेच थांबवून अर्थ विचारते. त्या पहिल्या पिढीतल्या आज्या आता थोड्याच उरल्या आहेत. पुढचा लेख त्यांच्याशी बोलून लिहा, ही कळकळीची विनंती. जय भीम.